आबांच्या वाटणीचा भात

जपानला निघायच्या आदल्या दिवशी मी आबांना सांगितलं, की यंदा राब भाजायचा नाही.

तोवर मी जपान पाहिलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. जपान राहू द्या, समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. पावसाळ्यात भोरच्या पुलाखालून नीरा जाते, तेवढं पाणी मला ठाऊक. पण पुण्याला शेतकीच्या वर्गात दोन वर्षं बसलो होतो, इस्त्रीचा सदरा घालत होतो, आणि भातशेती शिकायला एका सहामाहीपुरतं परदेशी पाठवायच्या मुलांत माझा नंबर लागला होता. एवढ्या भांडवलावर माणूस बापाला शेती शिकवू शकतो.

आज हे आठवायचं कारण म्हणजे धूर. सकाळी भोरात कचेरीची खिडकी उघडली आणि वरंध्याच्या अंगाच्या डोंगरांवर चार-दोन ठिकाणी निळसर धूर सरळ वर चढताना दिसला. चैत्र लागलाय. वारा पडलेला. शेण, पाचोळा, ऐनाची साल आणि माती हे सगळं एकाच मडक्यात घालून मंद आचेवर ठेवावं, तसा तो वास. शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणाले, डोळे चुरचुरतात हो. माझेही चुरचुरत होते. मी खिडकी लावून घेतली नाही.

ज्यांच्या घरी तांदूळ दुकानातून येतो त्यांच्यासाठी राब म्हणजे काय ते सांगतो. माघात झाडावर चढून ऐन-किंजळाच्या फांद्या उतरवायच्या. त्याला आम्ही कवळ म्हणतो. शेंड्याला एक झुबका ठेवून बाकी झाड बोडकं करायचं. म्हणून आमच्या हिर्डोशीकडची झाडं लांबून मुंज लागलेल्या बटूंसारखी दिसतात. कवळ वाळला, की ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची तिथं खाली शेण, वर कवळ, त्यावर पाचोळा आणि सगळ्यांत वर भुगा केलेली माती असा बिछाना घालायचा आणि सकाळच्या गारव्यात, वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचा. धडधडून पेटला तर वाया गेला. तो धुमसला पाहिजे, घरातल्या थोरल्या माणसाच्या रागासारखा, दिवसभर आणि आतल्या आत. खालची माती भाजते, तणाचं बी जळून जातं, राख उरते. मग पाऊस आला की त्या राखेत फेकलेलं भात असं काळपट हिरवं उसळून येतं, की बघणाऱ्यानं हात जोडावेत.

हे सगळं मला चालायला यायच्या आधीपासून माहीत होतं. ते विसरायला मात्र कॉलेजात जावं लागलं.

तर त्या दिवशी आबा खळ्याच्या कडेला बसले होते. मागं कवळाचे ढीग वाळून खडखडीत झालेले. सबंध माघ महिना आबा झाडावर आणि आई झाडाखाली, असं करून ते रचले होते. मी ढिगांकडं असं पाहिलं, जसं डॉक्टर रोग्याच्या जिभेकडं पाहतो.

"आबा, यंदा राब नको."

"मंग?"

"जपानात भाजत नाहीत."

"तिकडं मंग काय करत्यात?"

"शास्त्रीय पद्धतीनं करतात," मी म्हणालो. ज्याला पुढचं माहीत नसतं तो हे वाक्य म्हणतो.

आबांनी चंची उघडली, पानाला चुना लावला, पान तोंडात टाकलं. मग म्हणाले, "बरं."

आता आबांचं 'बरं' काय असतं हे आमच्या घरात कुत्र्यालाही कळत होतं. आबा देवी टोचायला आलेल्या माणसाला बरं म्हणाले होते आणि मला घेऊन रानात पसार झाले होते. जंगलाच्या शिपायाला बरं म्हणत, तलाठ्याला बरं म्हणत, आणि मग मनात असेल तेच करत. त्यामुळं मी निर्धास्त होतो. खरं सांगायचं तर मला काही करून घ्यायचंच नव्हतं. मला नुसतं बोलून दाखवायचं होतं. दुसऱ्या दिवशी एस.टी. निघाली तेव्हा आई पदरानं तोंड पुसत होती आणि आबा माझ्याकडं न बघता ढिगांकडं बघत होते. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण गाडीच्या खिडकीतून गाव मागं जाताना माणसाला आपण फार मोठे झाल्यासारखं वाटतं, तसं मला वाटत होतं.

बोटीवरचं काही सांगत नाही. बोटीवर मी आडवा होतो.

जपानच्या उत्तरेकडच्या एका खेड्यात मला एका शेतकऱ्याच्या घरी ठेवलं होतं. आजोबा आणि आजी, दोघंच. त्यांची नावं मला शेवटपर्यंत नीट म्हणता आली नाहीत आणि त्यांनी माझं नाव म्हणायचा प्रयत्न दुसऱ्या दिवशी सोडला. गावच्या शाळेतल्या मास्तरांना थोडं इंग्रजी येत होतं. मलाही थोडंच येत होतं. पण त्यांना येत होतं ते थोडं आणि मला येत होतं ते थोडं, ही दोन वेगवेगळी थोडी होती.

पहिल्याच दिवशी मी घराचं दार ढकललं. दार ढकलायचं असतं हे माझ्या सात पिढ्यांचं ज्ञान. तिथलं दार कागदाचं होतं आणि बाजूला सरकवायचं होतं. माझा हात कोपरापर्यंत आरपार गेला. आतल्या बाजूला आजी बसल्या होत्या. भिंतीतून आलेल्या त्या हाताकडं त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि मग हातावर चहाचा पेला ठेवला.

अशी ती सहामाही सुरू झाली. मी भाताच्या गावचा; पण पुढ्यात वाफाळता भात आणि हातात दोन काड्या. पहिला आठवडा मी भातासमोर उपाशी राहिलो. शेताच्या बांधांच्या कोपऱ्यांत अजून बर्फ होतं. चैत्रात बर्फ. आमच्याकडं त्या दिवसांत पायाला चटके बसतात. मी सगळे कपडे एकावर एक घालून बांधावर उभा राही आणि वहीत लिहीत राही, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. तिथल्या लहान पोरांना जे येतं, चालणं, बसणं, जेवणं, दार उघडणं, तेसुद्धा मला येत नव्हतं. मोठ्या माणसानं असं अडाणी होऊन बघायला पाहिजे. एखाद्याला शहाणपणा शिकवायची खाज असेल तर ती त्यानं जाते. माझी जायला थोडा उशीर झाला, एवढंच.

वैशाख लागायच्या सुमारास त्यांचं रोपांचं काम निघालं. मी वही सरसावून बसलो. शास्त्रीय पद्धत आता माझ्या डोळ्यांसमोर घडणार होती. आजोबांनी वाफे उंच आणि सरळ केले, जशा गाद्या घालाव्यात. मिठाच्या पाण्यात बी बुडवून तरंगलेलं हलकं बी वरच्यावर काढून टाकलं. मी लिहीत होतो. बी पेरून झालं. मग आजी घराच्या मागून एक टोपली कडेवर घेऊन आल्या आणि मुठीमुठीनं काहीतरी काळं वाफ्यावर पसरू लागल्या.

मी जवळ जाऊन हातात घेतलं. भाताचा कोंडा होता. भाजलेला. जाळून राख केलेला नव्हे. हळूहळू, धुमसत ठेवून काळा केलेला. मी नाकाशी नेला. दोन समुद्रांपलीकडं, त्या गारठ्यात, माझ्या तळहातावर आमच्या भातखाचराचा वास आला.

म्हातारी राबच घालत होती. आमच्याकडं शेतात भाजतात, ती घरामागं भाजून आणत होती. वर तेलकट कागदाचं पांघरूण घालत होती. खत पोत्यातून येत होतं, शिवाय खत म्हणून आणखीही काय काय घालत होते, ते मी अजून आईला सांगितलेलं नाही. एवढं सगळं हाताशी असून ती काळं घालायचं चुकली नाही. आणि आबांकडं यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडं नुसता राब होता. तोच मी काढून घेऊन आलो होतो.

मी वाफ्याच्या कडेला बसलो. घरी आता वैशाख. आबांनी ऐकलं नसेल, मी स्वतःला म्हणालो. आबा कधी ऐकतात. पण तेवढ्यात ते शेवटचं बघणं आठवलं, माझ्याकडं न बघता ढिगांकडं. त्याच दिवशी पत्र लिहिलं, 'राब भाजा, मी चुकीचं बोललो'. पत्र टाकतानाच ठाऊक होतं, की ते बोटीनं मुंबई, तिथून पुणे, भोर, आणि मग पोस्टमन चालत हिर्डोशीला जाणार. तोवर ज्येष्ठ लागेल, पाऊस पडेल. ओल्या जमिनीत काय भाजणार. एक वाक्य बोलायला मला घटकाभर वेळही लागला नव्हता आणि ते मागं घ्यायला अख्खा समुद्र पुरत नव्हता.

त्या संध्याकाळी मला रडू आलं. हे मी सांगणार नव्हतो, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आजींनी आजोबांना बोलावलं, आजोबांनी मास्तरांना. तिघं माझ्यासमोर गुडघे मुडपून बसले. काय झालं? सांगायला माझ्याकडं भाषा नव्हती. मी पेटीतून आबांचा फोटो काढला. निघायच्या आधी भोरात काढलेला, डोक्याला पटका, हातात काठी, चेहऱ्यावर फोटोवाल्याविषयीचा संशय. तो समोर ठेवला. मग चुलीजवळच्या काटक्या आणून त्यांचा ढीग रचला. ढिगाला काडी लावल्याचा अभिनय केला. फोटोकडं बोट, ढिगाकडं बोट, मग दोन्ही हात हलवून 'नाही, नाही', आणि कपाळावर हात.

"फादर," मी म्हणालो. "फायर. नो."

मास्तरांनी फोटो पाहिला, काटक्यांचा ढीग पाहिला. मग त्यांनी आजी-आजोबांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं. आजींनी तोंडावर हात ठेवला. तिघंही माझ्यापुढं जमिनीपर्यंत वाकले. तिकडं कुणी वाकलं की आपणही वाकायचं, एवढं एक मी नीट शिकलो होतो. मी वाकलो.

म्हणजे मी होकार दिला.

सकाळी उठलो तर उदबत्तीचा वास. तिकडं घरोघर भिंतीत एक देव्हाऱ्यासारखं कपाट असतं, त्यात घरातले गेलेले लोक असतात. आजोबांचे वाडवडील ओळीनं बसलेले होते, आणि त्यांच्यात पटका बांधून आमचे आबा. समोर एक चिमुकली, पायावर उभी पितळी वाटी, तिच्यात शिगोशीग वाफाळता भात. आबा त्या मंडळींत इतके अवघडून उभे होते, की त्यांनाही हे पटलेलं नसावं.

मी धावत आजींकडं गेलो. फोटो दाखवला. आणि माझा बाप जिवंत आहे हे सिद्ध करायला लागलो. आबा कसे चालतात ते चालून दाखवलं. कुदळ कशी मारतात, बैलांवर कसे ओरडतात, पान कसं लावतात, पिंक कुठं टाकतात, सगळं केलं. आजी डोळ्यांत पाणी आणून हसत होत्या. त्यांनी शेजारणीला हाक मारली, आणि मला पुन्हा करायला लावलं. शेजारीणही रडली. माझा बाप जिवंत आहे हे मी जितकं जीव तोडून दाखवी, तितकं त्यांना तो गेल्याचं वाईट वाटे. दुपारी वाटीशेजारी लोणचं आलं. संध्याकाळी शेजाऱ्यांकडून मेणबत्त्या आणि खाऊचा पुडा.

पुढं मला त्यांच्या भाषेतला 'जिवंत' हा शब्द सापडला. पण तोवर उशीर झाला होता. आजोबांना रोज संध्याकाळी थोडी घ्यायची सवय होती. घरात नवीन मयत म्हणून त्यांनी ती बंद केली होती आणि आजी कित्येक वर्षांत नव्हत्या एवढ्या सुखात होत्या. आता आबांना जिवंत करायचं म्हणजे आजोबांना पुन्हा प्यायला बसवायचं. मी आबांना तसेच राहू दिलं.

सगळ्यांत अवघड वेगळंच होतं. देवाला दाखवलेला भात वाया घालवायचा नसतो, तो घरातल्यांनी खायचा. गेलेल्याचा मुलगा घरात असताना दुसरं कोण खाणार? रोज सकाळी उदबत्ती विझली की आजी ती वाटी दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं ठेवत. मी आबांच्या वाटणीचा भात खात होतो. घरी काय उगवलंय ते ठाऊक नाही, आणि इथं रोज ही वाटी.

आषाढाच्या आसपास त्यांची लावणी आली. तिकडचा पाऊस आमच्यासारखा अंगावर धावून येत नाही. तो येऊन बसतो. दिवसच्या दिवस नुसता बसून राहतो. बेडूक मात्र दोन्हीकडं एकाच भाषेत बोलतात. तेवढे एक मला समजत.

गावच्या बायका शेतात उतरल्या आणि मोठ्या उत्सुकतेनं माझ्याकडं बघू लागल्या. भाताच्या मुलखातला तज्ज्ञ आला होता ना. आता आमच्याकडं चिखल करायचा पुरुषांनी आणि लावायचं बायकांनी. मी जन्मात एक काडी लावली नव्हती. शास्त्रीय पद्धतीत दोरी ताणून सरळ ओळीत रोप लावतात. मी लावलेली ओळ दोरीपासून निघे आणि माझ्या मनाला येईल तिकडं जाई. माझ्या डाव्या-उजव्या हाताच्या दोन बायका न बोलता माझी रोपं उपटून पुन्हा लावत. मग कुणाला तरी सुचलं, की याला काम नको, याला गायला लावा. त्यांच्यातही लावणीला गाण्याची चाल आहे. मला गाणं येत नाही. पाय चिखलात, सगळ्या माझ्याकडं बघताहेत, आणि मला तालावर म्हणता येईल असं एकच काही पाठ होतं. मी सुरू केलं.

बे एके बे, बे दुणे चार.

त्यांना ते फार आवडलं. बे दाहे वीस आलं की सगळ्या एक पाऊल मागं सरकत. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना तिनाचा पाढाही आला होता. लांबच्या शेतातूनही तो ऐकू येई. हिंदुस्थानातली फार जुनी लावणीची गाणी म्हणून मास्तरांनी ती लिहून घेतली. अजूनही आषाढ आला की मला वाटतं, त्या खेड्यात बायका पावसात वाकून पाढे म्हणत असतील, आणि पोरंही आयांचं ऐकून म्हणत असतील. माझ्या हातून जपानच्या शेतीत झालेली सुधारणा ती एवढीच.

ऐन लावणीत घरचं पत्र आलं. घरात कुणाला लिहिता येत नव्हतं. पत्रं गावचे गुरुजी लिहीत आणि गुरुजींच्या पत्रात कुणाच्याच घरी कधी काही बिघडलेलं नसे. इकडील सर्व कुशल, तिकडील कुशल कळवणे. खाली एकच ओळ जास्तीची होती: 'राबाविषयी तू निघताना सांगितल्याप्रमाणेच केले आहे, काळजी नसावी.'

माझं 'राब भाजा' म्हणणारं पत्र तेव्हा वाटेत कुठंतरी होतं. ते नंतर पोचलं, तोवर पाऊस सुरू होता.

सबंध जन्मात आबांनी माझं एकदा ऐकलं होतं. नेमकं एवढंच.

मी शेतात परत गेलो. बायका पाच पंचे पंचवीस म्हणत होत्या. समोर सरळ ओळींत, एकसारखी, हिरवीगार रोपं, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. मी चिखलात उभा राहून ती बघत होतो आणि डोळ्यांपुढं आमचं खाचर येत होतं, चिखल करून, पाण्यानं भरून, लावायला रोप नसलेलं. काय करणार? काही नाही. इतक्या लांबून काळजीसुद्धा वेळेवर पोचत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी पुढं आली तेव्हा मी ती बाजूला सरकवली. आजींनी पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, बापाची आठवण आली. ते मात्र बरोबर होतं.

निघायच्या दिवशी आजींनी ती पितळी वाटी कापडात बांधून माझ्या हातात दिली. मास्तरांनी शब्द जुळवून सांगितलं: आता तू स्वतःच्या घरी वडिलांना रोज भात ठेवशील, म्हणून. मी वाकलो. ते वाकले. आजोबा जरा घाईनं सरळ झाले. मी वळणावर गेल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल याची मला कल्पना आहे.

गावी पोचलो तेव्हा कार्तिक होता, कापणीचे दिवस. एस.टी.तून उतरलो आणि घरी न जाता वाट सोडून तडक खाचराकडं गेलो. वाटलं होतं, मोकळं असेल, तण माजलेलं. तसं नव्हतं. आमचं खाचर मी जन्मल्यापासून बघतोय, ते पिकतं ते एकदम, एका रंगात. त्या वर्षी ते वाकळीसारखं दिसत होतं. एक पट्टा कापून झालेला, नुसती खुंटं. त्याला लागून एक पिवळा, लोंब्या वाकलेल्या. त्याच्यापुढं अजून हिरवं. मध्येच एक चौकोन काळपट भाताचा, आणि कडेनं कुसळांचं, उंच, वाऱ्यावर भलतीकडंच झुकणारं.

आई बांधावर विळा घेऊन बसली होती. मला बघून उठली, गालांवरून हात फिरवला आणि मग पहिलं वाक्य म्हणाली, "बग तुजं शास्त्र."

"रोप आलंच नाही?"

"आलं की. तणात हुडकाया लागायचं." तिनं विळ्यानं एकेक पट्टा दाखवला. "ह्ये खालच्या आळीचं. त्यांचं उरलं व्हतं, ते दिलं. ह्ये काळं पाटलाकडलं. ह्ये कुसळाचं मार्गासनीच्या तुज्या मावशीचं, यष्टीच्या टपावर भारं टाकून धाडलं बाईनं. वरल्या वाडीतल्या धनगरास्नी भात न्हाई, त्यांच्या बाया हात लावाया आल्या. कुनी न्हाई म्हनलं न्हाई. पर कुनी हसल्याबिगर बी दिलं न्हाई."

ज्याचं उरलं ते, जेवढं उरलं तेवढं, जेव्हा उरलं तेव्हा. लवकर पिकणारं हळवं, उशिरा पिकणारं गरवं, सगळं एका खाचरात. पाणी एकाला हवं तेव्हा दुसऱ्याला नको. एक कापायला आलं तर शेजारचं कच्चं. उशिरा लावलेलं अर्धं पळिंज गेलं होतं, दाबलं तर दाण्यात काही नाही. गावानं खाचराचं नाव जपानी खाचर ठेवलं होतं. अजून तेच आहे. नवीन आलेल्या तलाठ्यालाही तेच सांगतात.

"आणि कवळाचे ढीग?" मी विचारलं.

"जाळलं की. समदा पावसाळा चूल त्याच्यावर चालली. तुजा राब म्या चुलीत भाजला बाबा. लई चांगला पेटायचा."

आबा तिसऱ्या बांधावर बैल घेऊन उभे होते. मी गेलो, पाया पडलो. एवढ्या महिन्यांत ते वाळले होते. मला जे बोलायचं होतं ते मी बोटीवर पाठ केलं होतं. त्यातलं काही आलं नाही. मी म्हणालो, "आबा, तुम्ही कुणाचंच ऐकत नाही. माझं कशाला ऐकलं?"

आबांनी बैलाच्या पाठीवरची गोमाशी उडवली.

"न ऐकायचं व्हतं तर शिकिवलं कशापायी?"

राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं. त्यांनी बैल वळवले आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी जेवायला बसलो. ताटात नाचणीची भाकरी आणि कालवण. तांदूळ सणापुरता ठेवला होता, आणि मी म्हणजे काही सण नव्हे. जेवणं झाल्यावर मी पेटी उघडली. आईला एक पंखा दिला. आणि ती वाटी कापडातून सुटून घरंगळत आबांच्या पायाशी गेली.

"ह्ये काय?"

खोटं सांगता आलं असतं. चहाची म्हणालो असतो, तर आबांनी तीत चुना ठेवला असता आणि गोष्ट संपली असती. पण त्यांनी माझं ऐकून एक वर्ष घालवलं होतं. आता त्यांना खरं ऐकायचा हक्क होता. मी सगळं सांगितलं. आजींचा काळा कोंडा, माझं रडणं, काटक्यांचा ढीग, फोटो, उदबत्ती, लोणचं. रोज सकाळी त्यांच्यापुढं ठेवलेला भात, आणि तो मी खायचो तेही सांगितलं. आई मध्येच "अगं बाई" म्हणाली आणि तिनं आबांवरून मीठ ओवाळून चुलीत टाकलं, न जाणो.

आबांनी वाटी हातात फिरवली. उलटी करून बघितली, बोटानं वाजवली. मग तिच्यात चुन्याची डबी ठेवून बघितली. ती बरोबर बसली.

"म्हंजी म्या जिता असताना हितं माजा भात घालिवलास," ते म्हणाले, "आन् मेलो म्हनून तिकडं रोज निवद दावलास."

"हो, आबा."

"मंग ह्ये शिकाया जपानला कशाला गेलास? ह्ये तर हितं समद्यास्नी येतं."